आम्ही दोघी कोंबड्या तपासायला शिकलो

आम्ही दोघी जावा. थोरली नववीपर्यंत शिकलेली, धाकटी बारावी नापास. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आमचे घर आहे. घरचे पुरुष मुंबईला. जयंतीला आणि मे महिन्यात येतात, बाकी वर्षभर घर, थोडी भातशेती, दोन शेळ्या, कोंबड्या आणि सासूबाई हे सगळे आमच्याकडे. हे लिखाणही आम्ही मिळूनच केले आहे. एकीने सांगितले, दुसरीने लिहिले, आणि जिथे भांडण झाले तिथे सासूबाईंना विचारले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने शंभर अंड्यांचे उबवणी यंत्र घेतले. गावठी पिल्लांना मागणी फार. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी सगळीकडे मिळते, पण अंगणात चरणारी, आपली आपण दाणे टिपणारी कोंबडी सगळ्यांना हवी असते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात अशा परसातल्या कोंबड्या ३१ कोटींहून जास्त निघाल्या. तेव्हा हा धंदा चालेल, असा आमचा हिशेब होता.

पहिल्या खेपेला ५२ पिल्ले निघाली. आम्ही त्यांना बल्बच्या उबेला ठेवले, कण्या दिल्या, उकळून गार केलेले पाणी दिले. चौथ्या दिवशी दोन मेली. पाचव्या दिवशी सात. पिल्ले बल्बखाली गोळा होऊन उभी राहायची, पंख खाली सोडलेले, डोळे मिटलेले. मागच्या बाजूला चुन्यासारखी पांढरी घाण चिकटून वाट बंद झालेली. दहा दिवसांत ५२ पैकी ३१ गेली. वाडीत ज्याने त्याने आपापले कारण सांगितले. कोणी म्हणाले पावसाळी हवा, कोणी म्हणाले यंत्राची ऊब खोटी, कोणी म्हणाले नजर. आम्ही हळद दिली, लसणीचे पाणी दिले. काही उपयोग झाला नाही. आंब्याच्या मुळाशी खड्डा काढून पिल्ले पुरत होतो.

शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, मेलेली पिल्लं कुठं आहेत?"

"पुरली."

"मग मी बघू काय? उद्या मरेल ते घेऊन या. दोन पिशव्यांत बांधा, बाहेरून बर्फ लावा. आणि हात धुवा साबणानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पिल्ले पिशवीत बांधून आम्ही निघालो, तर सासूबाई दारात आडव्या. त्यांचे वय पंचाहत्तर. एरवी शब्दाने दुखवत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "मेलेलं उचलून गावभर फिरायचं? हे काम आपण कधीच टाकलं ना गो? कशासाठी टाकलं, ठाऊक हाय?"

आम्हाला ठाऊक होते. सासूबाईंच्या आजोबांच्या पिढीपर्यंत गावातले मेलेले ढोर ओढणे हे आपल्याच माथी होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, असे कळकळीने सांगितले. पुढे गावोगाव लोकांनी ढोर ओढणेही सोडले. त्यापायी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. त्या गोष्टी ऐकतच सासूबाई लहानाच्या मोठ्या झाल्या. आमच्या हातातली पिशवी पाहून त्यांना काय वाटले असेल, ते आम्हाला कळत होते. पण उत्तर देता आले नाही. आम्ही मान खाली घालून निघालो, आणि एसटीत सगळ्या वाटेत दोघींपैकी कोणी बोलले नाही.

डॉक्टरांनी पिल्लू उघडून दाखवले आणि सांगितले, "ही पांढरी हगवण असावी. पिल्लांना हा रोग बहुतेक वेळा अंड्यातूनच येतो. आई दिसायला ठणठणीत असते, पण तिच्या अंडकोशात जंतू असतात. तुमच्या मोठ्या कोंबड्या तपासल्याशिवाय यंत्रात अंडी घालू नका." मग म्हणाल्या, "उमेदमधून पशुसखीचं प्रशिक्षण आहे. दोघी नावं द्या. दर वेळी माझ्या वाटेकडे डोळे लावून बसू नका."

अशी आमची नावे पडली. 'उमेद' म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. ते २०११ मध्ये सुरू झाले. त्यात बचत गटातल्याच बाईला शिकवून तिच्याकडून गावातल्या शेळ्या-कोंबड्यांची प्राथमिक देखभाल करून घेतात.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, औषधांची नावे शिकवतील. पण कोंबडीला हातही लावू दिला नाही. खुराड्यापासून पाच पावलांवर उभे करून नुसते बघायला लावले. कोणती कोंबडी इतरांपासून वेगळी बसली आहे, कोणाचा तुरा फिका आहे, कोण चोच उघडून श्वास घेते, विष्ठा कोणत्या रंगाची आहे. आम्ही जन्मापासून कोंबड्यांत वावरलो, पण असे पाच मिनिटे उभे राहून कधी पाहिले नव्हते. मग कोंबडी हातात घ्यायला शिकलो. छातीचे हाड बोटाला धारदार लागले, तर ती आतून खंगते आहे. संध्याकाळी गळ्यातली पिशवी रिकामी लागली, तर ती दिवसभर खात नाही.

रोगांची नावे आम्हाला ओळखीची निघाली. आपण जिला मानमोडी म्हणतो, ती राणीखेत. हिरवी हगवण, धाप, मग मान वाकडी, आणि दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे. उत्तराखंडात राणीखेत नावाचे गाव आहे, तिथल्या साथीवरून हे नाव पडले. या रोगाला औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब लासोटाचा. आठ आठवड्यांनी पंखाखाली कातडीत दुसऱ्या लसीची सुई. लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवायची. बाटलीत पाणी घालून विरघळवली की दोन तासांत संपवायची. एका बाटलीत शंभर डोस, आणि एका घरात कोंबड्या आठ. म्हणून सगळ्या वाडीची लस एकाच सकाळी, पहाटे खुराडी उघडायच्या आत. एकदा कोंबड्या सुटल्या की मग माणसे धावतात आणि कोंबड्या बघतात.

सगळ्यात अवघड गेला तो रक्ताचा थेंब. कोंबडी आडवी धरून पंख पसरायचा, आतली चार पिसे उपटली की कोपराजवळ निळी शीर दिसते. तिला सुई टोचून एक थेंब घ्यायचा. पांढऱ्या फरशीवर आधीच जांभळ्या रंगाच्या औषधाचा थेंब ठेवलेला असतो. डॉक्टर त्याला अँटिजेन म्हणतात. त्यात रोगाचे मेलेले जंतू रंगवून ठेवलेले असतात. दोन्ही थेंब तारेने मिसळायचे आणि फरशी हळूहळू हलवायची. कोंबडीला लागण झालेली असेल, तर दोन मिनिटांच्या आत जांभळ्या गुठळ्या होतात. नसेल तर मिश्रण दुधासारखे एकसारखे राहते. दोन मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचे नाही, कारण थेंब सुकायला लागला की तो खोटे बोलतो. पहिल्या दिवशी धाकटीने तीन वेळा टोचले, तरी शीर सापडली नाही. थोरलीचा हात इतका थरथरला की रक्त फरशीऐवजी पदरावर पडले. शिकायला आलेले दोन-तीन पुरुष हसले. चौथ्या दिवशी त्यांच्याही कोंबड्या आम्हीच धरत होतो.

ही साधी चाचणी नव्वदहून अधिक वर्षे जुनी आहे, हे आम्हाला तिथेच कळले. पांढऱ्या हगवणीचा जंतू अमेरिकेत रेटगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास शोधला. त्या काळी तिथे काही ठिकाणी शंभरातली ऐंशी पिल्ले या रोगाने मरत. १९३१ मध्ये ही रंगीत थेंबाची चाचणी आली, आणि १९३५ मध्ये तिथे राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजना सुरू झाली. तिथल्या अनेक राज्यांत साध्या कोंबडीपालकालाही शिकवून, परीक्षा घेऊन तपासनीसाचे प्रमाणपत्र देतात. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कोंबड्या तपासतो. रोगी निघालेली कोंबडी कळपातून काढायची, आणि स्वच्छ कळपाचीच अंडी उबवायची. एवढ्याच नियमावर चिकाटीने चालून तिथल्या मोठ्या पोल्ट्रीतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने रोगाचे निदान आणि दाखला हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम आहे. आमच्या कागदावर पशुसखी असे लिहिले आहे, तपासनीस नव्हे. आम्ही कोंबडी धरतो, थेंब काढतो, वहीत नोंद करतो. वाचतात डॉक्टर आणि सहीही त्यांचीच. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आठवडाभराच्या शिक्षणावर डॉक्टरकी करणारी माणसे आपण पाहतो. जेवढे आपल्याला येते तेवढेच करावे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आता आमच्या परीक्षेची गोष्ट. कागदावरची परीक्षा आम्ही पास झालो होतो. खरी परीक्षा घरी होती.

प्रशिक्षण चालू असताना आम्ही एक चूक केली. डॉक्टरांनी नको सांगितले असतानाही यंत्रात ८० अंडी घातली. गटाचा हप्ता थकला होता, आणि पलीकडच्या गावातून ६० पिल्लांची मागणी येऊन १५०० रुपये आगाऊ मिळाले होते. मनाशी म्हटले, मागची खेप पावसाने गेली असेल. अंड्यांना बारावा दिवस लागला होता, तेव्हा डॉक्टर मॅडम आमच्या कोंबड्या तपासायला वाडीत आल्या.

कोंबडे-कोंबड्या मिळून २७. आम्ही एकेक धरून थेंब काढत होतो. विहारासमोरच्या ओट्यावर फरशी मांडली होती आणि अर्धी वाडी जमली होती. पहिल्या दहा स्वच्छ. अकरावीच्या थेंबात गुठळ्या दिसल्या. मग आणखी दोन. आणि मग सासूबाईंनी आपल्या हाताने बांडीला आणून दिले.

बांडी म्हणजे सासूबाईंची काळी-पांढरी कोंबडी. वाडीत तिच्यासारखी खुडूक बसणारी दुसरी नाही. घारीच्या अंगावर धावून जाणारी, मुंगसाला चोचीने फोडलेली. शेजारणी तिच्याच अंड्यांसाठी हट्ट धरायच्या. तिची पिल्ले दर वेळी निम्मी जायची, पण ती घारीने नेली, मुंगसाने नेली, असेच आम्ही धरून चाललो होतो. तिचा तुरा लालभडक होता आणि वजन भरपूर. थेंब मिसळला. एक मिनिटही झाले नाही. फरशीवर जांभळी रवाळ कणी दिसायला लागली, आणि मधले पाणी स्वच्छ झाले.

डॉक्टरांनी पुन्हा थेंब घ्यायला लावला. पुन्हा तेच.

खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हा दोघींच्या मनात एकच विचार आला. अंड्यातून निघालेल्या पिल्लांवर कोणाच्या घरचे आहे हे लिहिलेले नसते. ६० पिल्ले देऊन टाकावीत. मेली तर लोक हवेलाच दोष देतील, आपणही दिलाच होता. चुलीपाशी बसून आम्ही हे एकमेकींना बोलून दाखवले, आणि बोलून दाखवल्यावर लाज वाटली. थेंब लोकांच्या देखत काढला होता. पण तो कोणी पाहिला नसता, तरी आम्ही दोघींनी पाहिला होता. तपासायला शिकायचे आणि निघालेले लपवायचे, तर मग शिकायचे कशाला?

दुसऱ्या दिवशी आम्ही मागणीवाल्याच्या घरी जाऊन १५०० रुपये परत केले आणि कारण सांगितले. यंत्रातली अंडी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नष्ट केली आणि यंत्र जंतुनाशकाने धुतले. बारा-तेरा दिवसांच्या अंड्यात जीव आकार घेऊ लागलेला असतो. पंचशील म्हणणाऱ्या घरात हे काम सोपे नव्हते. ते आम्ही सांगितलेले न ऐकल्यामुळे ओढवले होते, ही बोच आजही आहे.

फरशीवरची चाचणी कधी कधी चकवते, म्हणून खात्रीसाठी एका कोंबडीचे अवयव पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले. डॉक्टरांनी कोणती कोंबडी ते आमच्यावर सोडले. सासूबाई म्हणाल्या, "बांडी न्या."

दवाखान्यात जायला निघालो, तेव्हा त्या बर्फाचा डबा स्वतः पुसून घेऊन आल्या. डबा आमच्या हातात देताना म्हणाल्या, "तेव्हा ढोर वढत न्यायचे, तर ते कशानं मेलं हे त्यास्नी कुणी इचारीत नव्हतं, आणि त्यांनी इचारायचं पण नव्हतं. तुमी इचारायला नेताय. न्या."

आमच्याकडे नव्हते ते उत्तर त्यांनीच दिले.

काही दिवसांनी अहवाल आला. जंतू तोच होता. चारही कोंबड्या कळपातून गेल्या. पुन्हा तपासणी किमान २१ दिवसांनी, आणि सलग दोनदा सगळ्या कोंबड्या स्वच्छ निघेपर्यंत उबवणी बंद, असा नियम डॉक्टरांनी घालून दिला. दुसऱ्या तपासणीत आणखी एक सापडली. मग दोनदा स्वच्छ. या सगळ्यात तीन महिने गेले. गटाचा हप्ता आम्ही काजूच्या बिया सोलून भरला. त्यानंतरच्या खेपेत ६१ पिल्ले निघाली, आणि महिनाअखेर ५७ अंगणात फिरत होती. त्यातली पहिली वीस त्याच माणसाने नेली, ज्याला आम्ही पैसे परत केले होते.

आता महिन्यातून एक पहाट लसीची असते. आमच्या वाडीतच नाही, वरच्या वाडीतही बोलावणे येते. तिथे एका घरी काकींनी सांगितले, "डबा बाहेर पायरीवर ठेवा हो." पायरीवर ऊन होते. का बाहेर, ते आम्हालाही कळले आणि त्यांनाही. धाकटी म्हणाली, "काकी, उन्हात लस मरते. डबा सावलीत लागतो, पडवीत." काकी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि आपणच कोंबडी धरायला बसल्या. पुढच्या महिन्यात डबा कुठे ठेवायचा हे कोणी सांगितले नाही.

भगिनींनो, तुमच्या खुराड्यात पिल्ले मरत असतील, तर हवेला आणि नजरेला दोष देऊ नका. एखाद-दुसरे मेलेले पिल्लू दोन पिशव्यांत बांधून, बर्फ लावून दवाखान्यात न्या. मात्र एकाएकी पुष्कळ कोंबड्या किंवा आसपासचे कावळे मेले, तर हात लावू नका. आधी दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवा. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या दापोलीत कावळ्यांत तो सापडला होता. संसर्गजन्य रोगाचा संशय आला, तर कळवणे हे २००९ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्यच आहे. आणि पशुसखीची नावे घेत असतील, तर तुमचे नाव द्या. नववी पास चालते. हात थरथरतो, तो चौथ्या दिवशी थांबतो.